पासपोर्टच्या बदल्यात बाभूळ

ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व देताना इथल्या बऱ्याच नगरपालिका प्रमाणपत्राबरोबर एक रोपही हातात ठेवतात. रोप स्थानिक जातीचं असतं, पेलाभर माती मावेल अशा प्लास्टिकच्या नळीत असतं, आणि ते छातीशी धरून महापौरांबरोबर फोटो काढायचा असतो. मेलबर्नच्या पश्चिमेला, आमच्या भागात, अशा समारंभाला निम्मं सभागृह आपल्याकडच्याच माणसांनी भरतं. पैठण्या, जोधपुरी कोट, करकरीत बूट, आणि प्रत्येकाच्या हातात वीतभर काडी. राष्ट्रगीत झालं, चहा-सँडविच झालं, की मंडळी पार्किंगमध्ये एकमेकांना विचारतात, "तुम्हांला कुठलं आलं?" कुणाला बॉटलब्रश आलेलं असतं, कुणाला नुसतंच गवत. ज्याला गवत येतं तो गाडीत बसेपर्यंत फारसं बोलत नाही.

मला वॉटल आलं. गोल्ड डस्ट वॉटल. शास्त्रीय नाव अकेशिया ॲसिनेशिया. पुरुषभर उंचीचं पसरट झुडूप, बाभळीच्या भाऊबंदांपैकी, पण बिनकाट्याचं. त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. बाबांची सगळी नोकरी सामाजिक वनीकरणात गेली. ऐंशीच्या दशकात कोकणातल्या बोडक्या डोंगरांवर आणि रस्त्यांच्या कडेला जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लागली, तिच्यातली बरीचशी बाबांच्या हातची. त्यांनी चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "म्हणजे भारताचा पासपोर्ट परत केलास, आणि त्याच्या बदल्यात बाभूळ घेऊन आलास?"

मागून आईचा आवाज आला, "दारात लावू नकोस हं! बाभळीवर काय काय राहतं."

नागरिक होऊन अजून जेवणही झालं नव्हतं, पण देशाची बाजू मांडणं मला भाग होतं. मी सांगितलं, की यातलाच थोरला भाऊ, गोल्डन वॉटल, हे इथलं राष्ट्रीय फूल आहे, १९८८ साली अधिकृतपणे जाहीर झालेलं. क्रिकेटवाले अंगात घालतात तो हिरवा आणि सोनेरी रंग याच झाडाचा. १९८४ पासून ते राष्ट्रीय रंग आहेत. एक सप्टेंबरला वॉटल दिन असतो, १९९२ पासून देशभर एकाच तारखेला.

"सुट्टी असते का त्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग कसला दिवस!" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

आमच्या ओळखीतल्या मंडळींना मिळालेली रोपं एकामागून एक गेली. नागरिकत्वं शाबूत आहेत. रोपं कशानं गेली याची चौकशी केली तर प्रत्येक घरी एकच उत्तर मिळतं, "अहो, आम्ही काही कमी केलं नाही!" तिथंच घात आहे. मराठी माणसाला झाडाकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणि मेलबर्नमध्ये आल्यावर त्याच्या मायेला कढीपत्त्यानं चटक लावलेली असते. हा कढीपत्ता म्हणजे घरातला सर्वांत नाजूक मेंबर. मे महिना लागला की त्याची कुंडी आत येते. त्याला उत्तरेची खिडकी मिळते, कारण या गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. रात्री हीटरची झुळूक त्याच्याकडे वळवली जाते, पाहुण्यांच्या पायांना थंडी वाजली तरी चालेल. महिन्यातून एकदा आंबट ताक. एवढं करून ऑगस्टमध्ये त्याला चार पानं उरतात, आणि ती फोडणीत टाकायची कुणाची छाती होत नाही. फोडणीला फ्रीझरमधला कढीपत्ता वापरतात.

वॉटलचं सगळं याच्या उलट. आमच्याजवळ स्थानिक झाडांची एक नर्सरी आहे, निवृत्त मंडळी हौसेनं चालवतात. तिथल्या एका उंच, उन्हानं रापलेल्या गृहस्थांना मी विचारलं, या रोपाची निगा कशी राखायची? त्यांनी आधी माझंच मूळ गाव विचारल्यासारखं झाडाचं मूळ गाव काढलं. हे आपल्याच पठारावरचं आहे ना? मग ठीक. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं असतं तर इथल्या चिकणमातीत त्याचा निभाव लागणं कठीण. आणि कूटामुंड्रा वॉटल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, म्हणाले. ते न्यू साउथ वेल्सच्या एका चिमूटभर पट्ट्यातलं, तिथंच शोभतं, बाकी ठिकाणी तण होऊन बसतं. मग निगा सांगितली. लावायचं शरद ऋतूत, म्हणजे इथल्या एप्रिल-मेमध्ये. खड्डा नळीच्या दुप्पट, त्याहून मोठा नको. खत नाही. कोंबडीखत तर मुळीच नाही. काठीचा आधार नाही, वाऱ्यात हललं की बुंधा आपोआप जाड होतो. पहिला उन्हाळा अधूनमधून भरपूर पाणी, नंतर बंद. फुलून गेलं की वरवर छाटायचं. जून लाकडाला कात्री लावली तर तिथून पुन्हा फुटेलच असं नाही. "आणि मग?" मी विचारलं. "मग विसरून जायचं," ते म्हणाले.

आमच्या घरात विसरतात ते फक्त गॅसवरचं दूध. आणि नेमके त्याच एप्रिलमध्ये आई-बाबा राहायला येत होते.

बाबा उतरले ते मनात खड्ड्याचं माप घेऊनच. पंचेचाळीस बाय पंचेचाळीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटर. खात्यात हजारो वेळा मोजलेला, मस्टरवर चढवलेला खड्डा. विमानप्रवासाचा शीण जायच्या आत त्यांनी कुदळ मागितली. मी दुप्पट नळीची गोष्ट काढली तर म्हणाले, "एवढ्याशा खड्ड्याचं बिल कोण पास करणार?" पण मातीला हात लावला आणि बाबा एकदम गप्प झाले. ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, पुन्हा हुंगलं. काळी, चिकट, सुकली की भेगाळणारी माती. "अरे, ही आपली काळी आहे! हिच्यात शाळू येईल."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मेलबर्नच्या पश्चिमेला ज्वालामुखींच्या लाव्ह्याचं मोठं पठार आहे. खाली बसाल्ट, वर त्याचीच काळी माती. दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्यामानानं इथला कालचा, पन्नासेक लाख वर्षांच्या आतला. पाऊसही आपल्या दुष्काळी तालुक्यांइतकाच, वर्षाला ५०० मिलीमीटरच्या आसपास. बाबांनी कुंपणापर्यंत चालत जाऊन शेजारच्या प्लॉटकडे, त्यापलीकडच्या प्लॉटकडे, आणि पार महामार्गापर्यंत गेलेल्या घरांच्या रांगांकडे पाहिलं. "एवढ्या जमिनीत घरंच बांधली यांनी?" असं ते त्यानंतर रोज एकदा म्हणत.

झुडूप लागलं. खड्ड्याच्या बाबतीत तडजोड झाली. खरी लढाई पुढं होती, आणि ती खताची होती. बाबा नत्र, स्फुरद, पालाश या त्रयीवर वाढलेले. मी त्यांना समजावलं, की नत्राची याला ददात नाही. द्विदल आहे, मुळांवरच्या गाठींत जिवाणू बसवून हवेतला नत्र स्वतःच कमावतं. हे त्यांना पटलं, कारण त्यांना ते माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. स्फुरदापाशी गाडी अडली. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक जमिनी फार जुन्या, झिजलेल्या. त्यांत स्फुरद इतकं कमी, की इथली बरीच झाडं त्याच्या कणाकणावर जगायला शिकली आहेत. वरून सुपर फॉस्फेट दिलं की त्यांना बाधतं. म्हणून इथं देशी झाडांसाठी कमी स्फुरदाचं खत वेगळं मिळतं आणि ते साध्या खताच्या शेजारीच ठेवलेलं असतं. कमी घातलेल्या वस्तूचेही पैसे घेतात हे ऐकून बाबांना ऑस्ट्रेलियाच्या अर्थव्यवस्थेविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

आईचं खत पुस्तकात नसतं. तिचं खत स्वयंपाकघरातून, हात धुता धुता, सहज जाता जाता बाहेर पडतं. तांदळाचं धुवण. चहाचा चोथा. डाळीचं पाणी. "खत कुठं घालतेय? नुसतं विसळलेलं पाणी आहे." मी घरून काम करतो, आणि माझ्या टेबलाची खिडकी बागेवर उघडते. मीटिंगमध्ये आमचा साहेब तिमाहीचे आकडे मांडत असताना माझी नजर खिडकीत असे, आणि पातेलं दिसलं की मी कॅमेरा बंद करून उठत असे. माझ्या त्या वर्षीच्या मूल्यमापनात 'कधी कधी अचानक अनुपस्थित होतात' असा शेरा आहे. तो अन्यायकारक नाही. शेवटी मी आईला कढीपत्ता नेमून दिला. घरातलं सगळं धुवण, चोथा, माया आणि ताक त्याच्या नावे. कढीपत्त्यानं त्या वर्षी चक्क तुरा काढला.

आई-बाबा परत गेले आणि वॉटलला मोकळा श्वास मिळाला. भर जानेवारीत पारा चाळिशीपार गेला, जमिनीला हात घालता येईल अशा भेगा पडल्या, हिरवळ पापडासारखी मोडू लागली, आणि हे झुडूप मात्र उभंच होतं. बाबा दर रविवारी त्याची खुशाली विचारत. आधी त्याची, मग माझी.

पुढच्या खेपेला ते ऑगस्टच्या सुरुवातीला आले. मेलबर्नचा ऑगस्ट म्हणजे करडं आभाळ, हाडात शिरणारा वारा, आणि संध्याकाळी साडेपाच-सहालाच अंधार. आणि अशात झुडूप फुललं. फुललं म्हणजे पान दिसेना. प्रत्येक काडीच्या बगलेतून पिवळेधमक गोंडे, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, रांगेनं बसलेले. एक गोंडा भिंगाखाली धरला की कळतं, की ते एक फूल नव्हेच. चिमुकल्या फुलांचं संमेलन आहे, पाकळ्या नावाला आणि पुंकेसरांची गर्दी. मध बिलकूल नाही, तरी मधमाश्या येतात, त्या परागासाठी. बाबा सकाळी मफलर गुंडाळून भिंग घेऊन बाहेर, ते चहा गार होईपर्यंत.

नातीलाही त्यांनी पकडलं. तिला दाखवत होते, की ही पानं दिसतात ती पानं नाहीतच. पानाचा देठच चपटा होऊन पानाचं काम करतोय, ऊन सोसण्यासाठी. बी रुजतं तेव्हा पहिली पानं अगदी आपल्या बाभळीसारखी, पिसाच्या आकाराची येतात. मग वाढता वाढता ती जातात आणि हे देठ राहतात.

नात शांतपणे म्हणाली, "हां, दादासारखं. तो पण लहान असताना मराठी बोलायचा."

दादा वरच्या खोलीत हेडफोन घालून बसला होता, त्यामुळे त्याची बाजू नोंदवता आली नाही.

आईचं लक्ष डिंकावर. बाभूळ म्हटलं की तिला डिंक, आणि डिंक म्हटलं की बाळंतिणीचे लाडू. इथल्या मूळ रहिवाशांनीही वॉटलचा डिंक खाल्ला आहे, आणि काही जातींच्या बिया ते हजारो वर्षं भाजून, कुटून खात आले आहेत. त्या भाजलेल्या बियांची पूड आता आइस्क्रीममध्येही घालतात, कॉफी आणि चॉकलेटच्या मधली काहीतरी चव लागते. एवढं कळल्यावर आई फळं कापायची सुरी घेऊन झुडपाभोवती हिंडू लागली. बोटाएवढ्या फांद्यांचा डिंक काय निघणार! बाबांनी तिला सुरीसकट आत आणलं. "आणि हे झाड जगतं तरी किती?" तिनं विचारलं. दहा-पंधरा वर्षं, मी म्हणालो. वॉटल लवकर वाढतं, लवकर संपतं. आईनं घराकडे पाहिलं. "आणि घराचं कर्ज?" तीस वर्षांचं. "दोन झाडं पुरतील मग," ती म्हणाली.

बाबांना त्याच सुमारास एक जुनं दुःख नव्यानं कळलं. अकेशिया हे नाव वनस्पतिशास्त्रात ज्या झाडावर बेतलेलं होतं ते झाड म्हणजे आपली बाभूळ. पुढं संशोधनात दिसलं, की हे कुटुंब एक नाही, त्याचे वाटे करावे लागणार. मग नाव कुणाकडे राहणार? नियमानं बाभळीकडे. पण ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या घरात. त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नाव ऑस्ट्रेलियन शाखेला देण्याचं ठरलं. बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, आणि विड्यातल्या काताचा खैर झाला सेनेगालिया कॅटेचू. बराच गहजब झाला, विरोधकांनी विषय पुन्हा लावून धरला, आणि २०११ साली पुढच्या परिषदेत तोच निर्णय कायम राहिला.

"ती परिषद कुठं झाली?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, "मेलबर्नला."

बाबा खुर्चीत मागं रेलले. "अपील प्रतिवादीच्या गावात! लागलाच की निकाल." तीस वर्षं भूमिअभिलेखाच्या कचेऱ्यांतून हिंडलेला माणूस, वाटणीत थोरल्या घराचं नाव धाकट्यानं कसं लावून घेतलं हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून ते झुडपाला 'धाकटी पाती' म्हणू लागले. भिंग घेऊन रोज सकाळी जात राहिले, पण आता चेहऱ्यावर थोडा भाऊबंदकीचा ताठा असे.

बिया पेरायचा प्रसंग मात्र त्यांनी मनापासून साजरा केला. आदल्या उन्हाळ्यात मी थोड्या शेंगा राखून ठेवल्या होत्या. काळे, चकचकीत, दगडासारखे दाणे. हे बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि वणवा गेल्यावर उगवतं. घरी वणव्याऐवजी उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायचं. आईनं किटली पाहून कपाळाला हात लावला, "बी उकडून कोण पेरतं?" बाबा खुशीत येऊन म्हणाले, "सुबाभळीला आम्ही हेच करायचो." सकाळी वाटीत निम्मे दाणे टच्च फुगलेले, निम्मे होते तसेच. फुगलेले पेरायचे, राहिलेल्यांना पुन्हा किटली. आई दोन्ही वाट्या निवडत बसली, आणि रोज उठून मटकी भिजवणाऱ्या बाईला हे काम कुणी शिकवायची गरज नव्हती.

एक गोष्ट राहिली, शिंकांची. पिवळं दिसलं की शिंका आल्याच अशी इथं सर्वत्र समजूत आहे, आणि बायकोनं पहिल्या शिंकेला झुडपाकडे बोट दाखवलं. वॉटलचा पराग जड असतो, फार लांब उडत नाही. मेलबर्नच्या शिंकांचं मुख्य खापर गवतांवर फुटायला हवं, आणि त्यांतही राय गवतावर, ज्याचा हंगाम पुढं ऑक्टोबरपासून. हे मी सांगेपर्यंत तिला दुसरी शिंक आली. शिंकणाऱ्या माणसाशी शास्त्र बोलू नये.

आणि मग गणपती आले. त्या वर्षी वॉटल भर फुलात होतं. दूर्वांची पंचाईत असते इथं. म्हणजे दूर्वा आहेत उदंड, इथलं हिरवळीचं काऊच गवत म्हणजेच आपली दूर्वा, शहरभर कात्रीनं कापून फेकतात. पण नेमकी ऑगस्टमध्ये ती थंडीनं वाळून पिवळी पडलेली असते. आईनं खिडकीत कुंडीत जुड्या जगवल्या होत्या. पत्रीची यादी घेऊन ती बागेत उभी राहिली. एकवीस पत्रींपैकी इथं मिळणार किती? शमी कुठून आणायची? बाबांनी निकाल दिला, की शमी आणि ही धाकटी पाती, लांबच्या का होईनात, एकाच कुळातल्या, चालेल. दारात बाभूळ नको म्हणणाऱ्या आईनं स्वतःच्या हातानं दोन फांद्या कापल्या आणि मखराला खोवल्या. पिवळा रंग बाप्पाला आवडतो, असं ती म्हणाली. याला आधार काय, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

दुपारी शेजारच्या आजी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, इथंच जन्मलेल्या, कुंपणावरून आईशी रोज गप्पा मारणाऱ्या. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोघींचं एकमेकींवाचून अडतं. आम्ही दर्शनाला बोलावलं होतं. उंबऱ्यापाशी आल्या, आत पाहिलं आणि थबकल्या. वॉटल घरात आणलंत? वॉटल घरात आणू नये, अपशकुन असतो. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी बजावलं होतं, फुलं कितीही सुंदर असोत, उंबऱ्याबाहेर.

मी भाषांतर केलं. मला वाटलं आई वाद घालेल. आईचा चेहरा उलट उजळला. "बघ! मी सांगत होते ना, बाभळीवर काय काय राहतं." दोघींनी उंबऱ्याच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. इतकी दाट सहमती मी कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेत पाहिलेली नाही.

पण आजी आत येईनात. आईनं मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, हा विघ्नहर्ता आहे. अपशकुनाचं खातं याच्याकडेच आहे, इथं आणलेलं चालतं." मी तसं सांगितलं. आजींनी मूर्तीकडे बघत थोडा विचार केला. तोवर आईनं बशीत मोदक नेऊन त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो उंबऱ्यातच उभ्यानं खाल्ला, आणि दुसरा घेताना एक पाय आत टाकला.

मग म्हणाल्या, माझ्या गुलाबांचे कोंब रात्री पॉसम खाऊन जातात. तुमचा देव त्याचंही बघतो का?

आईनं मखरापुढच्या उंदराकडे बोट दाखवलं. "हा त्याच्या शब्दाबाहेर नाही म्हणावं. पॉसमचं विचारून सांगते."